करपल्याचा वास

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका मंडळी, माझ्यासारखे आजी-माजी पेशंट, आणि जिना चढून धाप लागली तरी हट्टाने पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, सर्वांना नमस्कार.

मानसोपचार विभागातून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाईंना आम्ही पाठीमागे 'येऊ-द्या बाई' म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, तेव्हा आता तोंडावर म्हणायला हरकत नसावी. संयोजकांनी सांगितलं, त्यांच्या उपचारपद्धतीची ओळख करून द्या. मी पडले बेकरीवाली. माझीच तिच्याशी ओळख कशी झाली, तेवढं सांगते.

आमच्या बेकरीला आग लागली, त्यात माझी धाकटी बहीण गेली. भट्टी नवी बांधली, भिंतींना रंग लागला, पण मला करपल्याचा वास येतच राहिला. बसमध्ये, आंघोळ करताना, तापलेल्या लेकाच्या उशाशी. डॉक्टर म्हणाले, नाक ठणठणीत आहे. मी खिडक्या उघडायची, अत्तर शिंपडायची, गॅस पुन्हा पुन्हा तपासायची. हाकलावं तितका तो वास जास्तच चिकटायचा. शेवटी भट्टीसमोर उभं राहणंच सोडलं आणि बेकरी विकायला काढली.

बाईंकडे गेले ती एकच मागणी घेऊन, हा वास घालवा. त्या म्हणाल्या, "आणि नाहीच गेला तर? काय कराल?"

असा राग आला म्हणून सांगू! या उपचार करायला बसल्यात की जखमेवर मीठ चोळायला? रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "काय करणार? पाव भाजीन!"

"मग येऊ द्या त्याला. आपण पाव भाजू."

आणि त्या खरंच भट्टीपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी पिठाचे गोळे वळायला घेतले.

"येतोय?"

"येतोय. घशात बसलाय."

"बसू द्या. बहिणीला काय आवडायचं?"

ट्रेमधला कडेचा पाव, जरा जास्त भाजलेला. त्यावरून आम्ही लहानपणी झिंज्या उपटायचो. तो भाजताना मी आगीनंतर पहिल्यांदा हमसून रडले. बाईंनी वळलेला पाव मात्र विटेसारखा झाला होता, हेही सभागृहाला कळायला हवं.

तर मंडळी, मला समजलेली पद्धत एवढीच. मनात येईल ते येऊ द्यायचं, त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्याला हात घालायचा. बेकरी मी विकली नाही.

वास गेला का, असं सगळे विचारतात. नाही गेला. आत्ता हा माइक धरून बोलतानाही येतोय. कधी कधी उलटीच भीती वाटते. एखाद्या सकाळी तो आलाच नाही तर? बहीणही पुरती गेली असं होईल का? बाई, तुम्ही निघालात. हे आता कोणाला विचारू?

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. बाहेर चहाबरोबर आमच्याच भट्टीतला पाव आहे. कडेचा बाईंसाठी ठेवलाय. एखादा करपलेला लागला तर भिडेखातर गप्प बसू नका. बेकरीत मी आईला विचारते, ती हुंगून सांगते. इथे तुम्ही सांगा. तेवढं एक माझं मला कळत नाही.