कावळ्याला दिलेला शब्द

ब्लॅकटाउनच्या क्लिनिकमध्ये समोर बसलेल्या मावशी-भाचीला वाटत होतं, इथे कुणालाच मराठी कळत नाही. हृषिकेशनेही तसंच भासवत फोनमध्ये डोकं घातलं.

"मावशी, ती सिरियल बघणं बंद कर. गोळ्यांशिवाय झोप लागेल."

"शब्द दिलाय मी, मिताली. ह्यांच्या दहाव्याला पार्कमध्ये पिंडाला कावळा शिवेना. मुलांकडे बघीन म्हटलं, तरी नाही. शेवटी म्हटलं, तुमची ती इंग्लिश सिरियल मी पहिल्यापासून बघीन. लगेच शिवला."

"पण त्यात नुसते खून आणि प्रेतं! काका एवढे काय हसायचे?"

"नट भारी आहे गं तो. चेहऱ्यावरची रेष न हलवता असलं भयंकर बोलतो! मीसुद्धा हसले."

"मग झोप का उडाली?"

"हे कुठे हसायचे ते पाठ आहे मला. किचनमध्ये ऐकू यायचं. एक जागा तर मागे नेऊन नेऊन बघायचे आणि इतक्या मोठ्यांदा हसायचे की मी दार लावून घ्यायचे. काल ती जागा आली."

"मग?"

"तिथे विनोदच नाहीये. तो दोन प्लेट्स मांडतो, बायकोला हाक मारतो. ती आतूनच ओरडते, तू खाऊन घे, मला कामं आहेत. मग तो एकटाच जेवत बसतो."

काउंटरवरून नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा.

"मावशी, तुला बोलावतायत."

"ऐकू येतंय गं. तेव्हाही येतच होतं."