माझी उत्तरं त्यानं दिली

चहा पाजून, तुमची माफी मागायचं कोण राहिलंय, तेच माणसाला उकरायला लावता, लाज नाही तुम्हाला. एकदाच सांगतो, परत विचारू नका.

गुप्तरोगांची पाहणी करणारी बाई बेंगळुरात चामराजपेटला आमच्या घरी आली. ज्याचं उत्तर ‘हो’, त्याचं रक्त फुकट तपासणार होती. बायको वारल्यावर मी एका बाईकडे जात होतो, अंगावर चट्टे उठले होते. मी बाही वर करूनच बसलो.

बाई म्हणाली, “बाकीच्यांनी स्वल्प बाहेर थांबा.”

मुलगा हलेना. “अक्का, अप्पांना कागदातलं काही कळत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा.”

“बायकोशिवाय कुणाशी संबंध?”

“सत्तरीत? अहो, आमचे अप्पा देवमाणूस!” सूनही हसली. मी बाही खाली केली.

बाईनं “सरी, बरं” म्हणत सगळीकडे ‘नाही’ लिहिलं आणि गेली.

आता त्याच रोगानं डोळे गेले. डॉक्टर म्हणतात, तेव्हा कळतं तर इंजेक्शनवर भागलं असतं. आणि घरात मुलगा मलाच ऐकवतो, “तेव्हा तोंड शिवलं होतं का?”

माझी माफी मागायचा राहिलाय तो हाच, माझा रघुनाथ.