जहाजाच्या दिवशीची चादर

(बंदरासमोरच्या घराची गच्ची. जहाज नुकतंच धक्क्याला लागलं आहे.)

भाचा : मावशी, ती चादर आधी काढ बरं. पाहुणे उतरायला लागलेत.

मावशी : उतरू देत. चादर काय त्यांच्या डोक्यावर पडतेय?

भाचा : आमच्या बंदर कचेरीत वरून हुकूम आलाय. जहाजाच्या दिवशी समोरच्या घरांवर धुणं दिसता कामा नये. जगाचं प्रवेशद्वार आहे हे, मावशी!

मावशी : बडा घर पोकळ वासा! पुढची भिंत रंगवलीत, मागे गटार तुंबलंय. त्या पाहुण्यांना बसमध्ये कोंबता, चार दुकानं दाखवता आणि ऊन उतरायच्या आत परत चढवता. म्हणे प्रवेशद्वार!

भाचा : व्यापार वाढतो त्यानं. माल येतो, माणसं येतात...

मावशी : माणसं येतात? माझा लेक, तुझा मावसभाऊ, त्याच जहाजावर खोल्या झाडतोय. तो येतो का घरी?

भाचा : त्यांच्या कंपनीचा नियम. पाहुणे बाहेर गेले की खोल्या झाडायच्या, खाली उतरायचं नाही. मी काय करू? फोन कर ना त्याला.

मावशी : फोन! त्याचे बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा फोनवर ‘सगळं ठीक आहे’ कोण म्हणालं? मीही म्हणाले, तूही म्हणालास. बाबा गेल्यावरच कळलं त्याला. तेव्हापासून आपल्या फोनवर त्याचा काडीचा विश्वास नाही. म्हणाला, आई, जहाज लागलं की लाल चादर वाळत घाल. ती दिसली की तू धडधाकट आहेस असं समजेन.

भाचा : हे मला कुठं माहीत होतं?

मावशी : विचारलंस कधी? मागच्या खेपेला मी बाजारात गेले आणि तू माणसं पाठवून चादर काढवलीस. पोरगं हातातलं काम टाकून शिडीवरून धावत सुटलं. फाटकात कोणी अडवलं त्याला?

भाचा : आमच्या शिपायांनी. मला म्हणाले, कुणी प्यायलेला खलाशी आरडाओरडा करतोय. तो... आपला होता?

मावशी : आई गेली म्हणून ओरडत होता रे. आता पुन्हा उतरला तर नोकरीवरून काढतील. जा, काढ चादर. साहेबाला खूश कर.

भाचा : साहेब खालीच उभे आहेत.

मावशी : मग? काढतोस ना?

भाचा : वारा सुटलाय. चादर गुंडाळली जातेय, तिकडून दिसायची नाही. ते टोक दे इकडे. मी धरून उभा राहतो.

मावशी : धर. आणि जरा बाजूला सरक, मध्ये येतोयस.