आखाजीचा ठसका

मी भिकन, धानोऱ्याचा, नंदुरबार तालुक्यातलं धानोरा. तुमच्यासाठी शाळेतली मराठी बोलतो ताई, पण मधीच अहिराणी येईल, ती मी मुद्दाम आणत नही, तिचं घरच शे इथे. मन्हा बाप झाडं कापायचा, आऱ्याने, म्हणजे ती लांब करवत, एका टोकाला बाप आणि दुसऱ्या टोकाला मन्ही माय, दिवसभर तू ओढ मी ओढ, त्यातच त्यांचा सगळा संसार झाला, भांडण पण आरा ओढता ओढताच. मी मोठा झालो, ऊस तोडायला गुजरातमध्ये जायचो, तिथे एका वाडीत पेट्रोलवरचं कटर पाहिलं, माणूस एकटाच उभा आणि बाभूळ आडवी. काय सांगू तुम्हाला, मी कोयता खाली ठेवून पाहतच राहिलो, मुकादम शिव्या देऊन थकला. पुढे मीही घेतलं. आता आजूबाजूच्या गावात कुठे झाड पडलं, फांदी घरावर आली, की बोलवा भिकनला. मशीन मीच खोलतो, मीच जोडतो, आणि मला त्याचा गर्व शे, कशाला खोटं बोलू.

आता तुम्ही विचारलं म्हणून ते आखाजीचं सांगतो. आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया, आमच्याकडे दिवाळी एका बाजूला आणि आखाजी एका बाजूला. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, गौराई बसते, आणि झाडाझाडाला झोके. आमच्या दारात मोठा निंब शे, गल्लीतल्या सगळ्या पोरी त्याच्यावरच झोका खेळल्या, पण हक्क मन्ही वनिताचा. एकुलती एक पोर. लग्न झालं, गाडीत बसताना सगळे रडत होते, तिची माय तर सावरेना, आणि वनिता मला म्हणते, आबा, मन्हा झोका कोनले देऊ नका. मी म्हटलं, नही देत. एवढंच बोललो. रडलो नही मी, बापमाणूस, मांडववाल्याशी उगाच दोरीवरून वाद घालत बसलो. मग वर्षभर तिचा फोन आला की जेवलात का नंतर, झोका बांधशात ना आबा. पहिलीच आखाजी तिची. सासरच्यांनी दोनच दिवस सोडलं होतं.

आणि आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे असं वारं सुटलं ताई, वैशाखातलं ते धुळीचं वारं, उजाडून पाहतो तर निंबाची एक मोठी फांदी कडकन मोडून दारातच आडवी. रिक्षा आत येणार नही, आणि झोक्याची जी फांदी, ती शाबूत पण या मोडक्या फांदीत अडकलेली, ही हलल्याशिवाय तिला दोरी बांधता येईना. शेजारी कुऱ्हाडी घेऊन आले, मी म्हटलं ठेवा त्या, कुऱ्हाडीने तोडता तोडता दिवे लागतील, पोरगी दुपारी येतेय, मन्हं मशीन काय फक्त गावासाठी शे का? मोठ्या ऐटीत आत गेलो, दोन महिने काम नव्हतं म्हणून बायकोने आढ्याला टांगलेलं पोतं काढलं, त्यातून मशीन काढलं. दोन शिंका आल्या. पण नंदुरबारकडच्या माणसाने शिंकेकडे कशाला लक्ष द्यायचं, हिवाळाभर इकडे पथाऱ्यांवर, म्हणजे उघड्या मैदानांवर, मिरची वाळते, हवाच तिखट, आमची नाकं निबर झालेली.

दोरी ओढली. नही. परत ओढली. नुसतं फुस्स. पेट्रोल पाहिलं, ताजं, ऑइल बरोबर मिसळलेलं. अजून ओढली, खांदा भरून आला, आणि सगळी गल्ली आता कुऱ्हाडी टेकवून मजा पाहायला बसली. कोणी म्हणे, भिकन, मशीनले चहा पाज. कोणी म्हणे तिलेबी आखाजीनी सुट्टी शे. मी हसत होतो पण आतून जीव थोडा थोडा होत होता, कारण वनिता निघाली म्हणून जावयाचा फोन येऊन गेला होता.

मग मी प्लग काढला. प्लग ओला, म्हणजे पेट्रोल येतंय. पुसला, लोखंडाला टेकवून धरला आणि बायकोला, सुमनला म्हटलं दोरी ओढ. तिने पदर खोचला आणि अशी ओढली की मीच धडपडलो. ठिणगी निळी, चांगली. म्हणजे पेट्रोल शे, ठिणगी शे, आणि मशीन नही. शेजारची शेवंताकाकू म्हणाली, नजर लागनी रे भो, गावभर मिरवस ना तू तिले. मी म्हटलं काकू, नजरेचा पार्ट कुठे मिळत नही.

शेवटी अक्कलकुव्याला गुलाबभाऊला फोन लावला. त्याचं मशीनींचं दुकान शे, मूळचा डोंगरातला, त्याच्या घरी भिली, माझ्या घरी अहिराणी, म्हणून आम्ही दोघं एकमेकांशी मास्तरासारखी मराठी बोलतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, प्लग ओला आहे ना, मग चोक काढ आणि ओढ. आणि फोन कटला, परत लागेना.

आता इथे गंमत ऐका ताई. मशीनला एक दांडी असते, थंड मशीन चालू करताना ओढायची, तिचं नाव चोक. पण आम्ही तिला जन्मभर खटका म्हणतो. आमच्याकडे चोक म्हणजे तुंबलेलं. मोरी चोक झाली, गटार चोक झालं. तो बिचारा म्हणत होता दांडी आत ढकल, आणि मी समजलो, काहीतरी तुंबलंय, ते काढ. मी म्हटलं वा रे गुलाबभाऊ, तिथे बसून याला दिसलं! मग शोधायला लागलो काय तुंबलं. पेट्रोल येतंय, ठिणगी येतेय, उरली हवा. हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं, त्याची कडी कधीचीच तुटलेली, मी ट्यूबचं रबर बांधून चालवत होतो. तर आत फिल्टर लालेलाल. गच्च. मला वाटलं धूळ. म्हणून तोंडाजवळ धरला आणि जोरात फुंकर मारली.

अरे बापरे! मिरची! डोळ्यात, नाकात, घशात, मी अंगणात गोल गोल फिरतोय आणि लोकांना वाटलं मशीनने झटका दिला. सुमन तांब्या घेऊन धावली, आणि मी ओरडतोय, मशीनमा मिरची कोनी टाकी? तर ती शांतपणे म्हणते, मी. मागला साल उंदीरनी पाइप खाई टाकी व्हती ना, म्हनीसन मिरचीना पोतामा ठेवं. आते सांगा, एक तरी उंदीर उना का? हिवाळ्यात ती पथारीवर देठ खुडायला जाते, तिथलं रिकामं पोतं, तळाशी सगळा चुरा, त्यात मशीन उलटं टांगलेलं. आणि खरंच की ताई, पाइपला एक दात लागलेला नव्हता. भांडावं तरी कशावरून?

फिल्टर पेट्रोलमध्ये धुतला, वैशाखाच्या उन्हात तो किती वेळ ओला राहणार, वाळला. प्लग पुसून बसवला, खटका आत ढकलला, दोरी ओढली, आणि भर्रर्र! काय तो आवाज, मला वाटलं मशीनला मिठी मारावी. पण आतल्या पंख्याजवळ जो चुरा दडला होता ना, तो पंख्याने सगळा बाहेर फेकला, सगळ्या गल्लीच्या तोंडावर. शेवंताकाकू खोकता खोकता टाळ्या वाजवतेय, देखा, मिरच्या ववाळ्या तं नजर उतरनी! मी डोळे बारीक करून, तोंडाला गमचा बांधून फांदी कापली, माणसांनी ओंडके बाजूला ओढले, शिंकतायत आणि ओढतायत, दार मोकळं झालं, मी मशीन बंद केलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

आता वनिताला काय दिसलं पाहा. दारात सगळी गल्ली जमलेली. काकू पदराने डोळे पुसतेय. माय ओट्यावर बसून नाक ओढतेय. बाप उभा, डोळे लाल, गालावर पाणी. पोरीने पिशवी तिथेच टाकली आणि ओरडत सुटली, काय व्हयनं वं माय, कोन गयं? आणि कोणालाच बोलता येईना, खोकला! ती माझ्याजवळ आली, मला हलवते, आबा बोला ना, आणि मी तोंड उघडलं तर शिंक. मग तिलाही शिंक आली. मग कळलं तिला, आणि ती जी हसली, रिक्षावाल्यासकट सगळी गल्ली हसायला लागली.

संध्याकाळी झोका बांधला. त्याच पडलेल्या फांदीचा ओंडका चिरून मी बसायला पाटली केली, कडू निंबाची, कीड लागणार नही. वनिता बसली, मायने झोका दिला, ती वर गेली, खाली आली, तिचं लग्नाआधीचं हसणं मला परत ऐकू आलं. मग पाय टेकवून थांबली आणि हळूच म्हणते, आबा, मिरची तं कव्हाच बसनी, मंग तुम्हना डोयामा पानी काब्र शे? मी म्हटलं, निबर मिरची व्हती बेटा. ती पाटलीवर सरकून बसली, आणि म्हणाली, बसा.

बसलो ताई. पन्नाशी उलटलेला माणूस, सगळ्या गल्लीसमोर, पोरीशेजारी झोक्यावर बसलो. त्यात गुलाबभाऊचा फोन वाजतोय, चोक काढला का म्हणून, तो वाजू दिला.

आता परत आखाजी जवळ आली शे. मशीन अजून मिरचीच्याच पोत्यात शे, सुमनपुढे मन्हं चालत नही, फक्त फिल्टरवर पिशवी बांधतो, आणि झाकणाला नवी कडी बसवली. या वेळी वनिता एकटी नही, कडेवर लेक घेऊन येणार शे, तिला मी लहान पाटली करून ठेवली, ही पाहा, अजून निंबाचा वास शे तिला. देव करो आणि सगळ्यांच्या पोरींचा झोका असाच वर जावो, अन् परत दारातच येवो.