पिशवी इकडं, दात तिकडं

...आन् पाटी तरी काय लावावी माणसानं? 'दात दुखतोय? मग हसा!' अहो, दाढ ठणकायला लागली की माणूस बायकोकडं बघून हसत न्हाई, तुमच्या पाटीकडं बघून काय हसणार? पण लावलीय. आमच्या शिरूरात, माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर, ही एवढी मोठ्ठी काच, काचेवर पांढऱ्याधोप दातांची बाई, आत गारेगार एसी, कॉफीचं मशीन, टोकनचं मशीन... दातांच्या दवाखान्याची कंपनी आलीय, कंपनी! पुण्यात म्हणं गल्लोगल्ली शाखा हायेत. नाव इंग्रजी, जिभेला झेपंना, म्हणून सगळं गाव त्यांना 'काचवालं' म्हणतं. म्हणू द्या. आपल्याला काय त्याचं! आपण बरं, आपलं आईस्क्रीम बरं.

तसा त्रास मला न्हाईच, माझ्या डोक्यावरच्या धनश्री मॅडमला. डोक्यावरच्या म्हंजी, माझं आईस्क्रीमचं दुकान खाली, तिचा दातांचा दवाखाना वर, मधी एक लोखंडी जिना. पाबळकडच्या शंभूमामांची पोरगी ती. मामांनी उभी हयात मेंढरं राखली, आता शेती बघत्यात. पोरगी डॉक्टर झाली तवा मामा पेढे वाटत सांगत सुटले, "आमच्यात पिढ्यानपिढ्या दातच बघत आल्यात! आम्ही मेंढराचं तोंड उघडून वय सांगायचो, आता पोरगी माणसाचं उघडती, एवढाच फरक." आन् हात काय हलका हो मॅडमचा! दाढ निघून ताटलीत पडल्यावर पेशंट विचारतोय, "कवा काढणार?" मग मॅडम सांगणार, "आता थंड खा." थंड कुठं? खाली! म्हंजी तिचं-माझं नातं काही न्हाई, नुसता जिना हाय.

आता आमच्या भागातल्या दातांची एक खोड तुम्हाला ठाव हाय का? ते फक्त बाजारच्या दिवशी दुखत्यात! आठवडाभर लवंग दाबायची, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, आन् बाजारच्या दिवशी तळेगाव ढमढेरेवरनं, कोरेगाव भीमावरनं जीपला लटकून यायचं, अर्धा बाजार करायचा, पिशव्या मॅडमच्या हॉलात बाकाखाली ठेवायच्या, राहिलेला बाजार करायचा, आन् मग जीप सुटायला वेळ असला तर दात! हॉल कसला, मंडईच ती. एकदा तर सोजराबाईची कोंबडी पिशवीतनं निसटली ती थेट पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसली, वरचा दिवा चालूच, आन् मॅडम पाठमोऱ्या हात धुवत म्हणतायत, "हं, आ करा!"

तर अशी सगळी माणसं काचवाल्यांकडं वळली. का? फुकट तपासणी! कॉफी! पण पिशव्या काही तिकडं जाईनात. काचेच्या दारात एक पोरगी उभी, आवाज असा साखरेत घोळलेला, "सर, लगेज अलाऊड नाही हं." मग काय करावं लोकांनी? जिना चढून वर यायचं, पिशवी बाकाखाली सारायची आन् मॅडमलाच सांगायचं, "मॅडम, जरा ध्यान असू द्या, वांगी हायेत. मी समोरनं दात दाखवून आलेच." म्हंजी काय म्हणावं ह्या माणसांना? पिशवी इकडं, दात तिकडं! आन् मॅडम बिचारी बापानं मेंढरं राखली तशी पिशव्या राखत बसलेली. लई जीव तुटायचा... म्हंजी तिचा. आपल्याला काय त्याचं!

मग मॅडम पुण्याला एका शिबिराला गेली. कंपनीपुढं एकट्या डॉक्टरनं टिकायचं कसं, हा विषय. शिकवणारा एक कोटवाला. दातांचा डॉक्टर न्हवंच तो, गेल्या साली जिमवाल्यांना हेच शिकवायचा. "मॅडम, पेशंट म्हणू नका, गेस्ट म्हणा! ट्रीटमेंट विकू नका, एक्स्पीरियन्स विका!" झालं. बाकं गेली, सोफा आला. वासाची मेणबत्ती आली, बासरीचं म्युझिक आलं, अपॉइंटमेंटशिवाय प्रवेश न्हाई, आन् दाराला कागद, 'कृपया पिशव्या आत आणू नयेत'.

तळेगावचे हौसराव आबा जिना चढून वर गेले, मेणबत्तीचा वास घेतला, बासरी ऐकली, आन् तसेच माघारी खाली. मला हळूच विचारत्यात, "मॅडमच्यात कुणाचं काही झालं का रं?" त्यांची बायको साखरबाई तर जिन्यातच थांबली. "दाढ काय मला इचारून दुखती व्हय, अगुदर अपॉइंटमेंट घ्यायला?" व्हायचं तेच झालं. आधी दात गेले होते, आता पिशव्याबी गेल्या.

आन् ह्यो मोका साधून काचवाल्यांचा मॅनेजर जिना चढून वर. मी आपला जिना झाडत होतो. आता झाडताना माणसानं कान काय खिशात घालायचे? "मॅडम, किती दिवस एकट्या लढणार? हे बंद करा, आमच्याकडे जॉईन व्हा. फिक्स पगार, फिक्स सुट्ट्या, टेन्शन शून्य." मला वाटलं, मेंढपाळाची पोरगी, आता काठी काढती! पण कसलं काय... मॅडम म्हणाली, "बाजारच्या दिवशी सांगते." न्हाई म्हणाली न्हाई हो!

त्या सांजेला खाली आली, उभ्या गावाला गोड बंद करणारी बाई, आन् म्हणाली, "दादा, एक मँगो कोन द्या." दोन घास खाल्ले आन् थांबली. "पेशंट गेल्याचं दुःख न्हाई, दादा. पण इतक्या वर्षांत त्यांना मी न्हाई आठवले, नुसता माझा बाक आठवला." मी म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा मॅडम, आपल्याला काय त्याचं!" उरलेला कोन मग मीच खाल्ला. पैसे मागायचं ध्यानातच राहिलं न्हाई.

बाजारचा दिवस उजाडला. मॅनेजर टाय लावून जिन्याच्या तळाला उत्तराची वाट बघत उभा. तेवढ्यात त्याला कोपरानं बाजूला सारत हौसराव आबा, मागं त्यांचे धाकटे भाऊ संपतआप्पा, मागं साखरबाई. दोघा भावांच्या तोंडाला रुमाल. मी झाडू घेऊन मागनं. जिना घाण झाला होता ना!

काय झालं होतं, तर काचवाल्यांची ऑफर, एका कवळीवर दुसरी फ्री. आबांनी माप दिलं, दोन कवळ्या आणल्या, आन् दुसरी दिली भावाला! 

मॅडम म्हणाली, "अहो आबा, ती दुसरीबी तुमचीच, जादाची! आप्पांना कशी बसंल?"

"न बसायला काय झालं? सख्खा भाऊ हाय! एका आईच्या पोटचं, तोंडावळा बघा, हुबेहूब. माप काय निराळं असणार?"

"आबा, तुम्ही एकमेकांच्या चपला तरी घालता का?"

"घालतो की!" दोघंबी एकदम म्हणाले.

साखरबाई कपाळावर हात मारून म्हणती, "मॅडम, जेवायला बसलं की दोघं कवळ्या काढून ताटाशेजारी ठेवत्यात, आन् उठताना ज्याला जी गावंल ती! दोघांच्याबी हिरड्या सोलल्यात, पण फुकटाची म्हणून सोडवंना."

मॅडम हसली हो! लई दिवसांनी, पोट धरून हसली. मग फुंकर मारून ती मेणबत्ती विझवली, हातमोजे चढवले, आन् विचारलं, "पण समोरचे डॉक्टर काय म्हणाले?"

"कंचे डॉक्टर?" आबा पेटलेच. "माप घेतलं त्यो बदलून गेला, बसवली त्यो बदलून गेला, आज तिसराच पोरगा, म्हणतो ॲपवर तक्रार टाका. तक्रार टाकीन, पण मोबाईल काय भाकरी चावून देतोय व्हय?" आन् मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर हितंच असता न्हवं?"

मॅडमनं वरचा दिवा आबांच्या तोंडावर वळवला. खाली मॅनेजर मान वर करून ऐकत होता. बासरी आपली वाजतच होती.

"असते, आबा," मॅडम म्हणाली. "पुढच्या बाजारलाबी मीच असते. आ करा."

मॅनेजर तसाच माघारी गेला. बासरी मीच बंद केली, उगं डोकं उठवत होती.

दुसऱ्या दिवशी सोफा बाहेर, बाकं आत, आन् दाराला नवी पाटी, 'पिशव्या खुशाल ठेवा'. पण पोरगी शहाणी झाली होती. पिशवी ठेवायला कुणी आलं की म्हणणार, "ठेवा की. पण आधी आ करा!" ठेवणावळ म्हणून तोंड उघडायचं, बस्स! कोट घालणाऱ्या त्या शिबिरवाल्याच्या बापालाबी सुचलं नसतं. बारकी कीड बारकी असतानाच सापडायला लागली, लोकं जागच्या जागी भरून घ्यायला लागली. सगळीच परत आली असं न्हाई, कॉलेजची पोरं अजून काचेतच जात्यात. पण मॅडमचा हॉल पुन्हा मंडई झाला, कोंबडीसकट.

आता तुम्ही म्हणाल, मग तू रडतोस कशाला? अहो, रडू नको तर काय करू? कीड वेळेवर सापडली, म्हंजी दाढ काढायची पाळीच येत न्हाई! दाढ न्हाई तर 'थंड खा' न्हाई, थंड न्हाई तर खाली कोण येतंय? वर गर्दी, खाली मी आन् फ्रीज. परवा तावातावानं जिना चढून वर गेलो, हातात पिशवी होती, म्हणालो, "मॅडम, तुमचं बरं झालं, पण माझं..." एवढं तोंड उघडलं तर तिनं आत बॅटरी मारली!

"दादा, उजवीकडची खालची किडलीय. आजपासून गोड बंद."

आईस्क्रीमवाल्याला! तवापासून दुकानात बसून फुटाणे खातोय, एका बाजूनं. समोर काचेवरची ती बाई माझ्याकडं बघून बत्तिशी दाखवतीय. दाखवू द्या. आपल्याला काय त्याचं!