पाकाची बरणी

भाचा : पाकात औषध दुप्पट घालतो, आत्या. सात वर्षं या बेकरीत झुरळ दिसलं नव्हतं, सोमवारी तपासनीसालाही दिसणार नाही.

आत्या : चौपट घाल. तोंडच लावत नाहीत, तर मरतील कशाने? आणि दिसलं, तर टाळं माझ्या भट्टीला लागणार आहे.

भाचा : तोंड लावत नाहीत कसं? बाबांच्याच कृतीचा पाक आहे हा. साखरेवर तुटून पडतात झुरळं.

आत्या : ये भट्टीच्या मागे. सकाळपासून दोन बशा ठेवल्यात. एकीत तुझा पाक, बिनऔषधाचा. दुसरीत उकडलेल्या अंड्याचा बलक. घे बॅटरी.

(बॅटरीचं बटण दाबल्याचा आवाज.)

भाचा : बलकावर वीसेक असतील. पाकावर एकही नाही. शहाणी झाली की काय?

आत्या : झुरळं कसली शहाणी होतायत! तू लहानपणी माझी बिस्किटं डबाभर फस्त करायचास, तुझी बहीण गोडाला शिवायची नाही. एकाच घरची ना तुम्ही? तसंच यांच्यात. शंभरात एखाद्याला साखर जन्मापासूनच नकोशी. तू पाक ठेवलास, गोडघाशी सगळी मेली.

भाचा : आणि नकोशी असणारी उरली.

आत्या : उरली, त्यांना पिल्लं झाली, ती आईबापावर गेली. तू पुन्हा पाकच ठेवलास. आता शंभरात नव्वद तसलीच.

भाचा : म्हणजे मीच वेचून वेचून पाळली.

आत्या : तू कशाला वेचतोयस? कोण मरतं, कोण उरतं, एवढ्यावरच होतं सगळं.

भाचा : बरं. आज औषध बलकात कालवतो. सोमवारपर्यंत भट्टी साफ, शब्द देतो.

आत्या : तुझ्या कामाची मला खात्री आहे रे. पण पुढे?

भाचा : सहा महिन्यांनी बलकही बदलायचा. तो न आवडणारं एखादं यांच्यात असणारच.

आत्या : आता कसं बोललास! दादा बघ, दर वर्षी काहीतरी वेगळं आणायचा. कधी पाक, कधी सुकी मासळी, कधी तेलात कालवलेलं पीठ. मी हसायचे त्याला. वाटायचं, कृती याच्या लक्षातच राहत नाही.

भाचा : मलाही तेच वाटायचं, आत्या. म्हणून तर बाबा गेले त्या वर्षी मी पाकाची कृती बरणीवर लिहून ठेवली.