फाटकात उभी गाडी

जबाब देणार: निवृत्त बसचालक, डेपोत आणि गल्लीत 'नाना' या नावाने ओळखले जाणारे. वय त्रेसष्ट वर्षे. सध्याचा धंदा: स्वतःच्या गाडीतून प्रवाशांची ने-आण. राहणार जुन्या बस डेपोच्या मागची दुसरी गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला.

मी समक्ष ठाण्यात बसून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी हयात नाही. एक मुलगी आहे, तिच्या लग्नाला सहा वर्षे झाली. जावई विजेच्या गाड्या विकणाऱ्या शोरूममध्ये विक्री व्यवस्थापक आहेत. आज सकाळी साडेअकरापर्यंत होते.

मी एकतीस वर्षे शहर बस चालवली. त्या काळात माझ्या चुकीने एकही प्रवासी रस्त्यात उतरला नाही. डेपोच्या दप्तरात तशी नोंद आहे, साहेबांनी खात्री करून घ्यावी.

निवृत्तीनंतर घरी बसून करमेना, म्हणून गाडी घेऊन प्रवासी न्यायचे ठरवले. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी जावई घरी आले होते. ते म्हणाले, "बाबा, शोरूममध्ये एक पांढरी गाडी आहे. दाखवायला वापरलेली, पण ठणठणीत. बाहेर कुणाला देण्यापेक्षा घरात आलेली बरी." मी त्यांना सरळ विचारले की नवीन मॉडेल येणार असे लोक बोलतात, तर मी थोडा थांबू का? ते म्हणाले, "लोकांना काय, तोंड आहे म्हणून बोलतात. दोन वर्षं तरी काही येत नाही. तुम्ही कशाला थांबता?" मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने हे ऐकले की नाही ते मला माहीत नाही.

गाडीबरोबर बॅटरीच्या तपासणीचा कागद मिळाला. त्यावर बॅटरीची ताकद शंभरात एक्याण्णव अशी लिहिली होती. खाली जावयांची सही होती. मी बस तपासल्याशिवाय कधी डेपोबाहेर काढली नाही. या वेळी मी कागद घडी करून खिशात ठेवला, कारण सही घरातली होती.

या गाडीवर माझ्या ठरलेल्या प्रवासी म्हणजे एक निवृत्त गणित शिक्षिका. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, मीही तेच म्हणत असे. वय अडुसष्ट. लग्न केलेले नव्हते. त्यांना आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, डायलिसिससाठी न्यावे लागे. घर ते रुग्णालय एकेचाळीस किलोमीटर. त्यांची पाळी अकरा वाजताची. त्या पुढच्या सीटवर बसत. मागे बसले की आपण सामान असल्यासारखे वाटते असे म्हणत. मला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणत आणि वाटेत तोंडी हिशेब घालत. उत्तर चुकले तर पुढच्या सिग्नलपर्यंत बोलत नसत.

दोन महिने गाडी ठीक चालली. त्यानंतर एका शुक्रवारी बाई म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या पडद्यावरचा आकडा खोटं बोलतो. आपण सहा किलोमीटर आलो आणि तो अकराने उतरला." मी म्हणालो, "बाई, जावयाने दिलेली गाडी आहे." त्या म्हणाल्या, "मग तर दोनदा तपासा." मी हसलो. तपासले नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी नऊ पंचावन्नला नदीवरच्या लांब पुलावर गाडी बंद पडली. प्रथम वेग उतरला, मग पडद्यावर कासवाचे चित्र आले, मग गाडी थांबली. पडद्यावर त्या वेळी चौसष्ट किलोमीटर शिल्लक असा आकडा होता. गाडी बंद करून पुन्हा चालू करायला गेलो तर चाके जागीच आवळली गेली. ढकलली तरी हलेना. मागे गाड्यांची रांग लागली. लोक भोंगे वाजवत होते, काही उतरून बोलले. काय बोलले ते लिहू नये.

मी अकरा ठिकाणी फोन केले. दुसरे वाहन यायला एक तास पन्नास मिनिटे लागली. बाई पूर्ण वेळ सीटवर बसून होत्या. त्यांचे पाय सुजले होते. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "माफी नको, वेळ लिहून ठेवा." मी लिहून ठेवली. रुग्णालयात पोचलो तेव्हा त्यांची मशीन दुसऱ्या रुग्णाला लागलेली होती. त्यात रुग्णालयाचा दोष नाही. मंगळवारी सकाळी सहाची पाळी दिली.

मंगळवारी पाच वाजता मी शेजाऱ्याची पेट्रोलची गाडी मागून बाईंच्या दाराशी गेलो. दार त्यांच्या भाचीने उघडले. सहाची ती पाळी कोणी वापरली नाही.

त्याच आठवड्यात मी गाडी एका ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री पूर्वी आमच्या डेपोत वायरिंगचे काम करी, आता विजेच्या गाड्या दुरुस्त करतो. जाड भिंगामुळे त्याला 'चष्मा' म्हणतात. त्याने यंत्र लावले आणि आकडे वाचून पाहिले. मग म्हणाला, "नाना, बॅटरीत कप्पे असतात. त्यातला एक कप्पा मेलाय. वरचा आकडा सगळे जिवंत धरून मोजतो. हे आजचं दुखणं नाही, तुम्ही घेतली तेव्हाही असंच असणार." ताकद शंभरात चौपन्न निघाली, तसा कागद त्याने लिहून दिला. मी जावयांचा कागद दाखवला. चष्मा म्हणाला, "या कागदावर गाडीचा नंबर बघा. शेवटचे दोन आकडे तुमच्या गाडीचे नाहीत." मी पाहिले. नव्हते.

शनिवारी दुपारी मी शोरूममध्ये जावयांच्या काचेच्या खोलीत गेलो. बाहेर कामगार मोठा फलक चढवत होते. त्यावर नव्या मॉडेलचे चित्र होते आणि तारीख होती, तेरा दिवसांनंतरची. मी विचारले, "हे केव्हा ठरलं?" जावई म्हणाले, "कंपनीचं पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच आलं होतं, बाबा. जुना माल त्याआधी काढायचा असतो, धंदा आहे." मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि सोमवारची हकिगत सांगितली. त्यांनी उठून खोलीचे दार लावले. म्हणाले, "घरातल्या घरात कशाला ताणता? गाडी बदलून देतो. आणि त्या बाईंचं म्हणाल, तर तशाही त्या किती दिवस काढणार होत्या?"

मी टेबलावरचा पाण्याचा पेला पूर्ण प्यायलो, दोन्ही कागद उचलले आणि निघालो. गाडी बदलून नको असे सांगितले.

तेव्हाच पोलिसांत तक्रार का दिली नाही, असे साहेबांनी विचारले. तक्रार दिली असती तर कागद हलला असता. मला माणूस हललेला पाहायचा होता.

घरी येऊन मी वही घेतली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी मरेपर्यंत चालवली. चष्मा मागून त्याचा टेम्पो घेऊन येई आणि चढवून परत आणी. त्याला मी कारण सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नाही, म्हणून त्याला यात ओढू नये. नऊ दिवस असे केले. गाडी कधी पडद्यावर पासष्ट शिल्लक असताना मेली, कधी अठ्ठावन्न. पण कासव दिसल्यापासून थांबेपर्यंत ती दर वेळी चारशे ते साडेचारशे मीटर चालली. एकतीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसाला एवढे पुरते.

मधल्या काळात मुलीचा दोनदा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्याशी बोलत का नाही? ते म्हणतात तुम्ही रागावलात." मी रागावलो नाही असे सांगितले. ते खोटे होते. या जबाबात मी तेवढेच खोटे कबूल करतो, दुसरे मी बोललेलो नाही.

आज शुक्रवार. नव्या गाडीचा कार्यक्रम अकरा वाजता होता. शोरूमचे फाटक रस्त्यापासून आत आहे, दोन दगडी खांबांच्या मध्ये, एका वेळी एकच वाहन जाईल एवढे. दुसरी वाट नाही. मी साडेनऊपासून आजूबाजूच्या रस्त्यांवर फेऱ्या मारत होतो. दहा वाजून अडतीस मिनिटांनी कासव दिसले. तेव्हा मी फाटकापासून सव्वाचारशे मीटरवर होतो. रखवालदाराने जुना ग्राहक म्हणून सलाम केला आणि आत जायला हात दाखवला. गाडी बरोबर दोन खांबांच्या मध्ये थांबली. मी ती बंद केली, चाके आवळली गेल्याची खात्री केली, मग पडदा पुन्हा चालू केला. त्यावर एकसष्ट किलोमीटर शिल्लक असे दिसत होते. दारे उघडी ठेवून मी बाजूला उभा राहिलो.

पाच मिनिटांत मागे ट्रक आला. त्यावर झाकलेली नवी गाडी होती. ट्रकचालकाने भोंगा वाजवला. मग तो उतरून आला आणि म्हणाला, "काका, घ्या की पुढं." मी म्हणालो, "घेतली असती, पण चालत नाही." त्याने आत डोकावून पाहिले. म्हणाला, "एकसष्ट दाखवतेय की!" मी म्हणालो, "हो ना. तेच मी म्हणतोय."

त्यानंतर मी कोणाला बोलावले नाही. लोक आपणहून आले. आतल्या आवारात जुन्या अकरा गाड्या सवलतीच्या पिवळ्या पट्ट्या लावून उभ्या होत्या. त्या बघायला आलेली माणसेही पडदा पाहायला आली. ज्याने विचारले त्याला मी उत्तर दिले. एका बाईंनी विचारले, "कागद नव्हता का दिला?" मी कागद दिला. तो हातोहात फिरून माझ्याकडे परत आला. एक जण म्हणाला की आगीशिवाय धूर निघत नाही. एका नवरा-बायकोने पिवळ्या पट्टीच्या गाडीची किल्ली हातात घेतलेली होती, ती त्यांनी टेबलावर परत नेऊन ठेवली. ते पाहून मला बरे वाटले. हे लिहून घ्यावे.

जावई धावत आले. अंगावर नवा कोट होता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाबा, हात जोडतो. घरी बोलू." मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "घरचं बोलायला मी इथे आलो नाही. मी तुमचा ग्राहक आहे."

चार-सहा माणसांनी गाडी ढकलून पाहिली. हलली नाही. ओढणारे वाहन आले, पण ट्रक उभा असल्याने त्याला पोचता येईना. तेवढ्यात शोरूमचे मालक बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बोट करून जावयांना विचारले, "हे कोण?" जावई म्हणाले, "कुणी नाही साहेब. एक जुना ग्राहक, डोक्यानं थोडा सरकलाय."

सहा वर्षांत मी त्या माणसाला एकदाही एकेरीत हाक मारली नव्हती. आजही मारली नाही. मी मालकांना दोन्ही कागद दिले आणि म्हणालो, "सही बघा. माझ्या मुलीच्या लग्नाच्या नोंदीवर हीच सही आहे." मालकांनी कागद वाचला, गाडीचा नंबर स्वतः वाकून पाहिला, मग अकरा गाड्यांकडे पाहिले. जावयांना म्हणाले, "कोट काढा आणि घरी जा." या वेळी साडेअकरा झाले होते. मालकांना आधीपासून किती माहीत होते ते मला सांगता येणार नाही. त्यांनी जावयांना घरी पाठवले आणि त्याच दमात माझ्याविरुद्ध वाट अडवल्याची तक्रारही दिली.

जावयांनी तिथेच, सगळ्यांसमोर कोट काढला. एक बाही अडकली, ती निघेना. कोणीही मदतीला गेले नाही. मी शेवटपर्यंत पाहिले.

नवी गाडी दुपारी तीनपर्यंत ट्रकवर झाकलेलीच होती.

चार वाजता मुलगी ठाण्यात आली. ऑफिसमधून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र होते. तिने मला विचारले, "बाबा, ते घरी बसलेत. जेवले नाहीत. झालं समाधान तुमचं?" मी म्हणालो, "अजून नाही." ती म्हणाली, "आणि माझं काय?" मी मास्तरीणबाईंचे तिला सांगितले. तिला त्या गेल्याचे माहीत नव्हते. जावयांनी घरी फक्त बॅटरीचे सांगितले होते. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. नंतर ती हवालदारांशी काही बोलली.

पश्चात्ताप आहे का, असे साहेबांनी विचारले. आहे. बाईंच्या बोलण्यावर त्या शुक्रवारी हसलो त्याचा.

हवालदारांनी वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. सुरुवातीच्या कच्च्या कागदात त्यांनी 'गाडी फाटकात नजरचुकीने बंद पडली' असे घातले होते. तसे कोणी सांगितले हे मी विचारले, तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिले. ते म्हणाले, "नाना, राहू द्या हा शब्द. मालक तक्रार मागे घेतील, पोरीच्या घरातही मिटेल." मुलगी दारात येऊन उभी होती. मी तो शब्द खोडायला सांगितला. ती निघून गेली.

बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला असून तो खरा आहे. त्या कच्च्या कागदात 'नजरचुकीने' या जागी 'ठरवून' असे वाचावे. खोडलेल्या जागी मी वेगळी सही केली आहे.